नाव घे

३ फेब्रुवारी, मंगळवार

धुळ्याला पोहोचले. जळगावहून सकाळची एस.टी. वेळेवर सुटली, खिडकी मिळाली, पारोळ्याला शेजारणीने ओंजळभर बोरं दिली आणि ती गोड निघाली. दिवसाकडून याहून जास्त अपेक्षा करू नये.

योगेंद्र स्टँडवर घ्यायला आले होते. नरडाण्याला त्यांचा पाइपांचा कारखाना आहे. गर्दीत त्यांनी मला लगेच ओळखलं. कसं, म्हणून विचारलं, तर म्हणाले, मॅडम, रांग कुठेच नव्हती तरी रांगेत उभं असल्यासारखं एकच माणूस होतं. बरा आहे मुलगा. बॅग मात्र मी उचलू दिली नाही.

घर देवपुरात, पांझरेच्या पलीकडे. खाली त्यांच्या आई प्रमिलाबाई राहतात, स्वयंपाकाला रत्ना येते. माडीवर मला खोली, आणि तिला लागून तबकड्यांची खोली. खोलीत धूळ होती. दुपारपर्यंत नव्हती.

काम असं. योगेंद्रचे वडील नवलशेठ यांनी जन्मभर जुन्या गाण्यांच्या तबकड्या जमवल्या. लाखेच्या, जड, हातातून सुटल्या तर पाटीसारख्या फुटणाऱ्या. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे गवई आणि गाणाऱ्या बाया. शेठ गेल्या वर्षी वारले. आता हा ठेवा पुण्याच्या एका संगीत विद्यालयाला द्यायचा आहे. त्यांची अट एकच: प्रत्येक तबकडीबरोबर कार्ड हवं आणि कार्डावर गाणाऱ्याचं नाव हवं. निनावी तबकडी ते घेणार नाहीत. कॉलेजात माझा एक विषय संगीत होता, पुढे सगळी नोकरी मुलींच्या शाळेत मराठी शिकवण्यात गेली, शेवटी मुख्याध्यापिका झाले. राग ओळखता येतो आणि अक्षर चांगलं आहे. एवढं पुरे.

हे काम माझ्या मुलीने शोधलं. ज्योत्स्नाने. तिचे वडील जूनमध्ये गेले, तेव्हापासून मला फारसं काही वाटत नाही. वाईटसुद्धा वाटत नाही. त्या दिवशी ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होती आणि मी आलेल्यांना कप पुरतील का ते पाहत होते. डॉक्टर म्हणाले, हळूहळू होईल. नाही झालं तरी अडत नाही. बधिर माणसाची कामं नीट होतात.

संध्याकाळच्या चहाला प्रमिलाबाईंनी विचारलं, तुमनं पुरं नाव काय शे? मी सांगितलं, हेमलता झुलाल बोरसे. त्यांनी बशी खाली ठेवली. बापनंच नाव? मालकनं नहीं? मग सांगावं लागलं. लग्नात ताटात तांदूळ पसरून नवं नाव लिहायला काढलं, तेव्हा मी ताट सरकवलं होतं. सासूबाई वर्षभर बोलल्या नाहीत. नवऱ्याने मात्र ते नाव शेवटपर्यंत जपलं. पूर्ण 'हेमलता' म्हणायचा, कधी तुकडा पाडला नाही. प्रमिलाबाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. त्या माहेरी कोकिळा होत्या म्हणे. तांदळातून उठल्या त्या प्रमिला होऊन. आता कोकिळा म्हणून कोणी हाक मारली तर मान वळत नाही. ती पोर कथा गयी, कुठे गेली, देव जाने, असं म्हणून त्यांनी उरलेला चहा बशीत ओतला.

रात्री वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी. दोन वेळा वाढून घेतलं.

५ फेब्रुवारी, गुरुवार

कामाला पद्धत बसली. तबकडी ओल्या मऊ फडक्याने पुसायची, सावलीत वाळवायची, यंत्रावर ठेवायची. यंत्र नवं आहे, योगेंद्रने आणलेलं. ते लॅपटॉपला जोडलं की गाणं वाजतं आणि उतरूनही घेतलं जातं. नवलशेठचा भोंग्याचा फोनो कोपऱ्यात झाकून ठेवला आहे. त्याची पोलादी सुई तबकडी खरवडते, म्हणून मी त्याला हात लावत नाही.

या जुन्या तबकड्यांची एक गंमत आहे. गाणं संपलं की गाणारा स्वतःचं नाव पुकारतो. तबकड्या तेव्हा परदेशात छापल्या जात. तिथल्या कामगाराला कोणत्या गाण्यावर कोणाचं नाव चिकटवायचं ते कळावं म्हणून ही सोय, असं सांगतात. तीन मिनिटांत अख्खा राग उरकायचा आणि धापा टाकत नाव सांगायचं. एक बाई अशी ठणकावून सांगते की जणू कोणी नाव चोरायला टपलं आहे. एक बुवा नाव सांगून वर खोकतात. एकीला नाव सांगताना हसू फुटतं आणि मागून कोणीतरी पुरुष तिला दटावतो.

मला हे फार आवडलं. वर्गात हजेरी आधी होते, इथे शेवटी. बाकी तेच. नाव पुकारलं की ते माणूस हजर.

ज्योत्स्नाचा फोन आला होता. आवाज बरा वाटतोय म्हणाली. असेल.

९ फेब्रुवारी, सोमवार

आज निनावी तबकडी सापडली. कपाटाच्या तळाशी, मलमलीत गुंडाळलेली. मधला कागद खरवडून काढला आहे, एकही अक्षर शिल्लक नाही.

लावली. पिलू आहे. बाईचा आवाज, कोवळा, अठरा-वीसची असावी. तयारी मोठी नाही, पण सूर असा लागतो की मी फडकं खाली ठेवलं. शब्द कळत नाहीत. गाणं संपलं आणि मी नाव लिहायला पेन उघडलं. तिने श्वास घेतला. नाव सांगायच्या आधी घेतात तसाच, भरून. त्यानंतर काही नाही. नुसती खरखर, शेवटपर्यंत.

उजेडात धरून पाहिली तेव्हा एक गोष्ट दिसली. गाण्याचा भाग वाजवून वाजवून करडा पडला आहे. शेवटचा बोटभर भाग, त्या श्वासापासून पुढे, काळाभोर आणि चकचकीत आहे. तिथून सुई कधी गेलेलीच नाही.

प्रमिलाबाईंना विचारलं. त्यांना तबकडी लगेच कळली. त्यांच्या सासऱ्यांनी ती आणली होती. बाई खानदेशातलीच, कोणा मोठ्या घरच्या माणसाने ठेवलेली. गाण्याची तबकडी निघतेय म्हटल्यावर त्या माणसाने परवानगी दिली, अट घातली: गानं म्हन, नाव नको सांगू. आपली अब्रू जाते म्हणून. तिने ऐकलं. पुढे तिचं काय झालं ते कोणालाच माहीत नाही. कारण चौकशी करायची तर नाव लागतं. नवलशेठ रविवारी दुपारी ही लावत आणि गाणं संपायच्या आत सुई उचलत. का, ते प्रमिलाबाईंनी एकदा विचारलं होतं. शेठ म्हणाले, ती इचारस. ती विचारते.

काय विचारते, तर नाव. असं म्हणून प्रमिलाबाई लसूण सोलू लागल्या.

भावनाप्रधान मनुष्य असावेत शेठ.

११ फेब्रुवारी, बुधवार

बाकीची कार्डं भराभर होत आहेत, ही एक अडली आहे. नाव नाही तर तबकडी पुण्याला जाणार नाही, म्हणजे ती एवढीच इथे राहील. मला ते पटत नाही. आज जेवणानंतर तीनदा लावली. तीनदा तोच श्वास, आणि पुढे खरखर. चौथ्यांदा मला हसू आलं. पाचवीत पहिल्या दिवशी अशा मुली येत. उभ्या राहत, श्वास घेत, आणि नाव सांगायच्या वेळी ओठ मिटत. त्यांना मी एकच उपाय करत असे.

श्वास आला तशी मी मोठ्याने म्हटलं, लाजायला काय झालं, घे, नाव घे. हळदीकुंकवाला नव्या सुनेला म्हणतात तसं. आणि मग वर्गातल्यासारखं: म्हण माझ्यामागून, माझं नाव हेमलता झुलाल बोरसे.

खोलीत मी एकटी. स्वतःच्याच वेडेपणाचं हसू आलं. जूननंतर पहिल्यांदा हसले असेन. रत्ना खालून ओरडली, काय झालं बाई? काही नाही म्हटलं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

तबकडी बोलते. श्वासानंतर, खरखरीच्या मागून, दोन शब्द आहेत. 'माझं नाव.'

एवढंच. पुढे पुन्हा खरखर.

सोमवारी उतरून घेतलेलं लॅपटॉपवर उघडलं. त्यातही आहेत. म्हणजे पहिल्यापासून होते आणि मी नीट ऐकलं नव्हतं. कान तपासून घ्यायला हवेत. त्या दिवशी इतकं खात्रीने लिहून ठेवलं, ते चुकलं. चूक ती चूक.

१४ फेब्रुवारी, शनिवार

आज पुढचा शब्द आला. 'माझं नाव हेमलता.'

स्पष्ट. कोवळा आवाज, थोडा खानदेशी हेल. न अडखळता, नेमून दिलेलं पाठ म्हणावं तसं.

मी यंत्र बंद केलं आणि अंगणात जाऊन तुळशीला पाणी घातलं. त्या काळात असं नाव असू शकतं. का असू नये.

संध्याकाळी योगेंद्र आले. त्यांना ऐकवलं. खूश झाले. म्हणाले, वा मॅडम, सापडलं की नाव. हेमलताबाई. लिहून टाका कार्डावर, बाबांना सगळ्यात जास्त हीच आवडायची. योगेंद्रना काहीच वेगळं वाटलं नव्हतं. मी विचारलं, माझं नाव काय, सांगा बरं. ते हसले. मॅडम, परीक्षा घेताय का. मग फोन काढून पाहिला. फोनमध्ये लिहिलं होतं, बोरसे मॅडम जळगाव. मी म्हटलं, आणि पहिलं नाव? ते म्हणाले, सॉरी मॅडम, विचारायचंच राहिलं बहुतेक.

त्यांची मला आलेली पहिली चिठ्ठी 'आदरणीय हेमलताताई' अशी होती. ती जळगावला राहिली.

कार्ड अजून भरलेलं नाही.

१६ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी रत्नाने विचारलं, कालची ती गाण्याची चाल कोणती. मी म्हटलं, काल मी यंत्र लावलंच नाही. ती म्हणाली, यंत्राचं नाही वो, तुम्हीच तं म्हनी ऱ्हायनात ना बाई, खिडकीमा उभ्या ऱ्हाईसन. केस मोकळे होते म्हणाली. चांगल्या दिसत होतात.

मी कॉलेज सोडल्यापासून गायलेले नाही. केस मोकळे ठेवून खिडकीत तर कधीच उभी राहिलेली नाही. काल दुपारभर मी पलंगावर पडून होते.

माझा आवाज बसला आहे. घसा दुखत नाही, फक्त आवाज येतो तो वाळूवरून काहीतरी ओढल्यासारखा. प्रमिलाबाईंनी हळद-दूध दिलं.

तबकडी लावली. 'माझं नाव हेमलता झुलाल'. वडिलांचं नाव तिच्या तोंडून ऐकल्यावर मात्र मी सुई उचलली.

मग मी एक गोष्ट केली. सुई पुन्हा श्वासावर ठेवली आणि म्हटलं, चूक. हे माझं आहे. तुझं सांग. बसलेल्या आवाजात जेवढं कडक म्हणता येईल तेवढं.

खरखर. बराच वेळ. मग अगदी हळू, शिक्षा झालेल्या मुलीसारखं, तिने म्हटलं, तुम्हीच म्हणालात, घे.

१७ फेब्रुवारी

मी म्हणाले होते. वर लिहिलेलं आहे. घे, नाव घे. लहानपणापासून हजारदा ऐकलेले शब्द. कोणी खरंच घेईल असं कोणाला वाटतं.

ज्योत्स्नाला फोन केला. आवाज ओळखला नाही तिने, लाइन खराब आहे म्हणाली. मी म्हटलं, माझं नाव सांग. आई, काय गं हे. मी म्हटलं, सांग. ती म्हणाली, आई, मी ऑफिसात आहे. मी म्हटलं, एक शब्द आहे, सांग. ती हसली, मग हसायची थांबली. मग म्हणाली, तू आई आहेस, मला तुझं नाव कधी घ्यावं लागलंय? पण असा फॉर्म नाही की ज्यावर तिने ते लिहिलेलं नाही.

रविवारी येते म्हणाली. डॉक्टरांशी बोलते म्हणाली. घाबरली आहे.

मी मोजून पाहिलं — नाव घेऊन हाक मारणारं माझ्याकडे कोण उरलं होतं. शाळेत मॅडम, इथे बाई, तिला आई. नवरा एकटाच होता. जूनपासून माझं म्हणून ते नाव कोणीच उच्चारलेलं नाही. मी सोडून. आणि मी उच्चारलं ते एकदा प्रमिलाबाईंपुढे, आणि मग तबकडीतल्या तिच्यापुढे.

१८ फेब्रुवारी

आता तबकडी पूर्ण सांगते. तिन्ही शब्द. शेवटी किंचित हसते.

आधार कार्ड काढलं. फोटो माझा. नावाच्या ओळीवर नजर टेकते आणि घसरते, ओल्या फरशीवरून पाय घसरावा तशी. अक्षरं दिसतात. शब्द होत नाही. या वहीची मागची पानं पाहिली, तिथेही तेच. तिथे ते लिहिलेलं आहे हे मला माहीत आहे, मीच लिहिलं. वाचता येत नाही.

लिहूनही पाहिलं. ——— . पेन चालतं, रेघ उमटते.

मला ओरडावंसं वाटायला हवं. वाटत नाही. लग्नात ताट सरकवलं तेव्हा केवढी चिडले होते, ते आठवतं. मोठ्या भांडणातून राखलेली ती एकच वस्तू. आता नुसती जागा आहे, दात पडल्यावर जीभ जाते तशी.

१९ फेब्रुवारी

तबकडी फोडायची ठरवली. डोक्यावर उचलली. मग विचार आला, आत नाव आहे. फुटली तर ते कुठे जाईल. खाली ठेवली. मलमलीत गुंडाळली.

प्रमिलाबाईंकडे गेले. त्यांना पहिल्या दिवशी सांगितलं होतं, तांदळाची गोष्ट सांगितली होती, त्या हसल्या होत्या. विचारलं. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. तांदूळ आठवले, ताट आठवलं, बापनं नाव लावतस हे आठवलं. नाव नाही आठवलं. त्यांना कळलं मात्र. शेठ का सुई उचलत ते त्यांना आज कळलं असावं.

माझा हात धरून म्हणाल्या, मनं माहेरनं नाव लई ल्या. कोकिळा. चांगलं शे. मले काय करनं शे, बठ्ठा मले प्रमिलाच म्हनतस.

कोणी इतकं मोठं काही मला देऊ केल्याचं आठवत नाही. मी नको म्हटलं. दुसऱ्याने दिलेलं नाव मी तेव्हाही घेतलं नव्हतं. त्यांना माझं बोलणं ऐकू गेलं की नाही कळलं नाही. त्या तसंच हात पुढे धरून बसल्या होत्या, माझा हात त्यात नसताना.

२० फेब्रुवारी

रत्नाने चहा आणून ठेवला. नंतर गार झालेला घेऊन गेली. मी खुर्चीतच होते. जाताना म्हणाली, बाई कथा गयात वो? जिन्यातून उत्तर आलं, इथेच आहे. माझ्या जुन्या आवाजात. बसायच्या आधीच्या.

दोघी हसल्या. तिला हसवणं मला कधी जमलं नव्हतं.

२१ फेब्रुवारी

दिवसभर खाली गाणं. पिलू. प्रमिलाबाई एकदा वर आल्या, दारात उभ्या राहिल्या. खोली बघितली. हाक मारायला तोंड उघडलं — काय म्हणून मारणार. परत गेल्या.

कार्ड भरलेलं दिसलं. माझं अक्षर. नावाच्या जागी तीन शब्द. राग: पिलू.

मी नाही भरलं.

उद्या ज्योत्स्ना येईल. तिला कळेल. मुलीला कळतं. नाव लागत नाही त्याला —

२२ फेब्रुवारी

दुपार. रिक्षा थांबली. ज्योत्स्ना खिडकीतून दिसते आहे. वाळली आहे. केस बांधलेले नाहीत नीट.

हाक मारली. खरखर निघाली.

घरातून कोणी बाहेर आलं. माझी चॉकलेटी साडी. पाठ इकडे. केस मोकळे.

ज्योत्स्ना थबकली. आता — आता कळेल तिला —

'आई' म्हणाली.

तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं. रडते आहे. ती बाई तिच्या डोक्यावरून हात फिरवते आहे. सावकाश. कप मोजत नाही. कुठेही बघत नाही. मी हे जूनमध्ये —

रडता रडता ज्योत्स्ना म्हणाली, आठवलं गं आई मला तुझं नाव, गाडीत एकदम आठवलं. आणि सांगितलं. मोठ्याने. मला ऐकू आलं. तिन्ही शब्द. छान नाव आहे. कोणाचं —

आत गेल्या.

दार लागलं.

वर यंत्र सुरू आहे. मी नाही लावलं. गाणं संपत आलंय. सुई काळ्या भागाशी आली. चकचकीत आहे तिथे. तिथून कोणी गेलेलं नाही.

इथे सांगायचं असतं. आत्ताच. हजेरी.

श्वास घेते आहे. भरून.

माझं नाव